पाव डॉलरवरची ॲना मे वाँग : अमेरिकी टांकसाळीच्या एका नाण्याचे परीक्षण

अमेरिकेच्या टांकसाळीने ऑक्टोबर २०२२ मध्ये चलनात आणलेले ॲना मे वाँगचे पाव डॉलरचे नाणे दोन वाटांनी माणसापर्यंत पोहोचते. एक वाट सुट्या पैशांची. दुकानात नोट मोडली की इतर नाण्यांबरोबर तेही हाती पडते आणि बहुतेक वेळा कोणीही न पाहता पुढच्या गल्ल्यात जाते. दुसरी वाट संग्राहकांची. त्यांनी टांकसाळीकडून चाळीस नाण्यांची गुंडाळी किंवा शंभर नाण्यांची पिशवी दर्शनी मूल्यापेक्षा चढ्या दराने मागवायची, नाहीतर संग्राहकांसाठी खास पाडलेल्या, आरशासारख्या चकचकीत नाण्यांचा म्हणजे प्रूफ संच विकत घ्यायचा. पंचवीस सेंटांच्या वस्तूसाठी जास्त पैसे मोजावेत का, एवढाच प्रश्न असता तर त्याचे उत्तर दोन ओळींत देता आले असते. परंतु या नाण्यावर जिचा चेहरा आहे ती हॉलिवूडची पहिली चिनी-अमेरिकन तारका होती आणि तिच्या हयातीत त्या चित्रपटसृष्टीने तिचे मोल सतत कमीच लावले. तेव्हा नाण्याने तरी ते नीट लावले आहे का, हे पाहणे भाग आहे.

धातू आणि आकार यांबाबत सांगण्यासारखे फारसे नाही, कारण ते कायद्याने ठरलेले आहेत. व्यास २४.२६ मिलिमीटर, वजन ५.६७ ग्रॅम, गाभा तांब्याचा आणि दोन्ही अंगांना तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा थर. कडेला ११९ दाते. २०२० च्या कायद्यानुसार २०२२ ते २०२५ या चार वर्षांत दरवर्षी पाच, अशा एकूण वीस अमेरिकी स्त्रियांची नाणी काढण्यात आली. पहिल्या वर्षी कवयित्री माया अँजेलू, अंतराळवीर सॅली राइड, चेरोकी नेशनच्या प्रमुख विल्मा मॅनकिलर आणि न्यू मेक्सिकोतील मताधिकार चळवळीच्या नेत्या नीना ओटेरो-वॉरेन यांच्यानंतर पाचवा मान वाँगला मिळाला. अमेरिकेच्या चलनावर आलेली ती पहिली आशियाई-अमेरिकन व्यक्ती. तिच्या मृत्यूला तेव्हा एकसष्ट वर्षे झाली होती.

काट्याकडे वळण्याआधी छापा पाहावा, कारण या नाण्याचा छापाही नेहमीचा नाही आणि त्यामागची हकिगत वाँगच्या हकिगतीशी विलक्षण जुळते. जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण झाली म्हणून १९३२ मध्ये पाव डॉलरचे नाणे नव्याने घडवायचे ठरले, तेव्हा कलातज्ज्ञांच्या आयोगाने शिल्पकार लॉरा गार्डिन फ्रेझर यांनी घडवलेल्या वॉशिंग्टनच्या चेहऱ्याची शिफारस केली होती. अर्थखात्याने ती बाजूला सारून जॉन फ्लॅनगन यांचे डावीकडे पाहणारे वॉशिंग्टन पसंत केले आणि तेच पुढे पिढ्यानपिढ्या लोकांच्या खिशात राहिले. स्त्रियांच्या या मालिकेसाठी मात्र टांकसाळीने फ्रेझर यांचे उजवीकडे पाहणारे वॉशिंग्टन शोधून काढले आणि नव्वद वर्षांनी ते चलनात आणले. त्याच १९३२ साली हॉलिवूडमध्ये एका चिनी नायिकेच्या भूमिकेसाठी ॲना मे वाँगची पडद्यावर चाचणी झाली होती आणि ती भूमिका हेलन हेज या गोऱ्या अभिनेत्रीला चेहरा रंगवून देण्यात आली. म्हणजे छाप्यावर त्या वर्षी डावललेल्या शिल्पकार स्त्रीचे काम आहे आणि काट्यावर त्याच वर्षी डावललेल्या अभिनेत्रीचा चेहरा. टांकसाळीने हा योग मुद्दाम जुळवून आणलेला नाही, कारण मालिकेतील वीसही नाण्यांचा छापा एकच आहे. पण संग्राहकाच्या दृष्टीने या एका नाण्याला त्यामुळे जे वजन येते ते ग्रॅममध्ये मोजता येणारे नव्हे.

काट्याची रचना एमिली डॅमस्ट्रा यांची असून ती जॉन मॅग्रॉ यांनी धातूसाठी घडवली. वाँगचा जवळून घेतलेला चेहरा, कपाळावर सरळ कापलेली बट, गालाला टेकवलेला हात आणि भोवती चित्रपटगृहाच्या दर्शनी फलकावर असतात तसे लुकलुकते दिवे, एवढीच सामग्री आहे. या रचनेचा सर्वांत मोठा गुण तिच्यात जे नाही त्यात आहे. येथे ड्रॅगन नाही, पंखा नाही, कंदील नाही, कमळ नाही, बांबूच्या वळणाची अक्षरे नाहीत. ज्या बाईला चाळीस वर्षे याच वस्तूंनी वेढून पडद्यावर आणले गेले, तिला या साऱ्यातून मोकळी करून तिचा नुसता चेहरा आणि हात ठेवणे हा निर्णय वरवर साधा दिसतो, पण तो घेण्यासाठी तिची सारी कारकीर्द ठाऊक असावी लागते.

ती कारकीर्द लॉस एंजेलिसमधल्या एका लाँड्रीपासून सुरू झाली. ३ जानेवारी १९०५ रोजी तिचा जन्म झाला, घरातले नाव वाँग लिउ त्सोंग. वडील वाँग सॅम सिंग यांचा कपडे धुण्याचा व्यवसाय होता आणि त्यांचा स्वतःचा जन्मही कॅलिफोर्नियातलाच. तरीही चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी घालणाऱ्या १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याच्या सावलीत वाढलेल्या या अमेरिकी मुलीला पुढे परदेशी जाताना, परत आपल्याच देशात शिरता यावे म्हणून, दर वेळी सरकारी अर्ज भरून नागरिकत्वाची ग्वाही द्यावी लागे. शाळा बुडवून रस्त्यावरची चित्रीकरणे पाहत उभी राहणारी ही मुलगी १९१९ मध्ये कंदील घेऊन चालणाऱ्या गर्दीतली एक म्हणून पहिल्यांदा पडद्यावर आली आणि १९२२ मध्ये ‘द टोल ऑफ द सी’ या चित्रपटात, वयाच्या सतराव्या वर्षी, नायिका झाली. टेक्निकलरच्या दोन रंगांच्या पद्धतीने काढलेल्या अगदी सुरुवातीच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांपैकी तो एक. पुढे १९२४ मध्ये डग्लस फेअरबँक्सच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये तिला मंगोल दासीची भूमिका मिळाली आणि त्या छोट्या भूमिकेने तिचे नाव सर्वदूर गेले. मात्र नाव झाले तरी भूमिका त्याच राहिल्या. गोऱ्या पुरुषासाठी प्राण देणारी सोशिक मुलगी किंवा कट रचणारी विषारी स्त्री, यांपलीकडे स्टुडिओंची कल्पनाशक्ती जात नव्हती आणि दोन्ही प्रकारांत शेवटी मरण ठरलेले.

१९२८ मध्ये ती युरोपला निघून गेली. बर्लिनमध्ये दिग्दर्शक रिचर्ड आइशबर्गने तिला नायिका केले, वॉल्टर बेंजामिनसारख्या विचारवंताने तिची भेट घेऊन तिच्यावर लिहिले, आणि लंडनमध्ये इ. ए. ड्युपाँच्या ‘पिकॅडिली’ या १९२९ च्या मूकपटात तिने शोशोचे काम केले. एका उच्चभ्रू नाइटक्लबच्या तळघरात भांडी घासणारी शोशो सहकाऱ्यांसमोर मेजावर चढून नाचते, मालक ते पाहतो, आणि कथानकाची सूत्रे तिथून तिच्या हाती जातात. श्रेयनामावलीत मुख्य नाव गिल्डा ग्रेचे असले तरी चित्रपट संपल्यावर लक्षात राहते ती वाँग. ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी नाणे विकत घेण्याआधी तो जरूर पाहावा, कारण नाण्यावरच्या त्या हाताचे महत्त्व तेथेच कळते. मूकपटातले अनेक नट भुवया आणि ओठ यांवर भिस्त ठेवत. वाँग चेहरा जवळजवळ स्थिर ठेवते आणि काम मनगटावर व बोटांवर सोपवते. शोशो एखाद्याला जवळ बोलावते, दूर ठेवते किंवा त्याची किंमत करते ती हातानेच. डॅमस्ट्रा यांनी तिची पूर्णाकृती किंवा नृत्यमुद्रा न निवडता चेहऱ्याच्या बरोबरीने हाताला जागा दिली, यात त्यांची खरी जाण दिसते.

बोलपट आले तेव्हा ती कच खाऊन बसली नाही. लंडनच्या रंगभूमीवर तरुण लॉरेन्स ऑलिव्हिएसोबत काम करताना तिच्या अमेरिकी उच्चारांवर टीका झाली, तर तिने शिकवणी लावून उच्चार घासून घेतले. जर्मन आणि फ्रेंच शिकून एकाच चित्रपटाच्या इंग्रजी, जर्मन व फ्रेंच अशा तीनही आवृत्त्यांत स्वतःच्या आवाजात काम केले. अशी तयारी करून ती अमेरिकेत परतली तेव्हा पॅरामाउंटने तिला १९३१ मध्ये ‘डॉटर ऑफ द ड्रॅगन’ दिला. त्यात ती नायिका होती आणि तिला सहा हजार डॉलर मिळाले. जपानी नट सेस्यू हायाकावाला दहा हजार, आणि चिनी माणूस म्हणून थोडाच वेळ पडद्यावर वावरलेल्या वॉर्नर ओलंड या स्वीडिश वंशाच्या नटाला बारा हजार. चलनी नाण्यावर आलेल्या अभिनेत्रीच्या बाबतीत हा हिशेब विसरणे योग्य होणार नाही.

त्यानंतरचा ‘शांघाय एक्सप्रेस’ हा १९३२ चा चित्रपट मार्लेन डिट्रिचचा म्हणून ओळखला जातो आणि ली गार्म्सच्या छायाचित्रणाला त्यासाठी ऑस्करही मिळाले. पण ज्या व्यक्तिरेखेच्या कृतीने त्या आगगाडीतल्या प्रवाशांची सुटका होते ती वाँगची हुइ फेइ आहे, आणि चित्रपटभर तिला संवाद अगदी मोजके आहेत. नाण्यावरचा चेहरा मला याच चित्रपटाच्या जवळचा वाटतो. प्रसन्न नाही, करुण नाही, काही विचारायला जावे तर उत्तर देईलच याची खात्री नाही. सरकारी वस्तूंवरच्या थोर व्यक्ती सहसा दूरवर क्षितिजाकडे पाहत असतात आणि त्यात त्यांचे माणूसपण हरवते. वाँग तशी हरवत नाही.

‘द गुड अर्थ’ची हकिगत तिच्या चरित्रात नेहमी सर्वांत वर येते आणि तिला टाळता येत नाही. चिनी शेतकरी कुटुंबावरच्या या चित्रपटात ओ-लानची मुख्य भूमिका करावी ही तिची तीव्र इच्छा सर्वांना ठाऊक होती. एमजीएम स्टुडिओने नायक म्हणून पॉल म्युनीला घेतले आणि नायिकेची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या लुइझ रेनरकडे गेली, जिला पुढे त्याच कामासाठी ऑस्कर मिळाले. १९३४ पासून कडक झालेल्या हॉलिवूडच्या चित्रपटसंहितेत, म्हणजे पडद्यावर काय दाखवावे याच्या नियमावलीत, भिन्न वंशांच्या स्त्रीपुरुषांमधील प्रेम दाखवायला मनाई होती; नायक गोरा, मग भले तो चिनी माणूस म्हणून वावरत असो, त्याची पत्नी खरोखरीची चिनी असू शकत नाही, असे हे उफराटे तर्कशास्त्र. वाँगपुढे ठेवली गेली ती लोटस या घर बिघडवणाऱ्या रखेलीची भूमिका, आणि चिनी रक्ताच्या एकमेव मोठ्या नटीनेच चित्रपटातली वाईट बाई करावी हे तिला मान्य झाले नाही. नकार देऊन १९३६ मध्ये ती चीनला गेली, वडिलांचे गाव पाहिले, वृत्तपत्रासाठी प्रवासलेख लिहिले. तेथेही चिनी स्त्रीची बदनामी करणाऱ्या भूमिकांचा जाब तिला विचारला गेला. अमेरिकेला ती फार चिनी वाटत होती आणि चीनला फार अमेरिकी.

येथे मुंबईचा एक धागा आठवतो. १९११ मध्ये मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन ही त्याच काळात हॉलिवूडमध्ये नायिका म्हणून गाजत होती आणि १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकनही मिळाले; मात्र आपण मिश्र वंशाच्या आहोत हे तिने जन्मभर लपवले आणि जन्मस्थान टास्मानिया असल्याचे सांगितले. तिला हे करता आले, कारण तिचा रंग आणि नाव त्या खोट्याला साथ देत होते. ॲना मे वाँगला तो पर्यायच नव्हता. दोघींपैकी कोणाची वाट अधिक खडतर, हे सांगणे मला कठीण वाटते. पण नाण्यावर चेहरा उमटवायचा तर जो कधी झाकला गेला नाही तोच उमटणार, हे ओघाने आले.

उरलेला भाग नाण्याच्या माहितीपत्रकात मावेल एवढा थोडक्यात सांगता येतो, आणि तिच्या बाबतीत तो थोडक्यात उरला हीच खंत आहे. १९३७ च्या ‘डॉटर ऑफ शांघाय’मध्ये तिला प्रथमच धाडसी, सरळ आणि शेवटपर्यंत जिवंत राहणारी नायिका मिळाली, तीही फिलिप ॲन या कोरियन-अमेरिकन नायकासह, हा चित्रपट २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटनोंदीत घेतला गेला. युद्धकाळात तिने चीनच्या मदतनिधीसाठी काम केले. १९५१ मध्ये ड्युमाँट वाहिनीवरील एका मालिकेत ती कलावस्तूंच्या व्यापारात वावरणारी गुप्तहेर झाली. आशियाई-अमेरिकन कलाकाराला मध्यवर्ती ठेवणारी अमेरिकी दूरचित्रवाणीवरची ती पहिली मालिका, आणि तिचा एकही भाग आज उपलब्ध नाही. ३ फेब्रुवारी १९६१ रोजी सांता मोनिकात तिचे निधन झाले, वय ५६.

आता नाण्याच्या उणिवा. भोवतालचे दिवे ही कल्पना कागदावर चांगली आहे, आणि जिचे नाव हॉलिवूडने क्वचितच फलकावर सर्वांत वर लावले तिला कायमचे त्या दिव्यांत बसवण्यात थोडा सूडही आहे. पण पाव डॉलरच्या आकारात ते दिवे फार बारीक होतात. नवे नाणे प्रकाशात तिरपे धरले तर ते उमटून दिसतात. वर्षभर खिशात आणि यंत्रांत फिरलेल्या नाण्यावर मात्र ते किनारीला काढलेल्या ठिपक्यांच्या नक्षीसारखे भासतात आणि हे चित्रपटगृह आहे हे अनोळखी माणसाला कळण्याचा मार्ग राहत नाही. चलनी नाण्यांचा उठाव मुळातच कमी असतो. त्यामुळे झीज आधी गालावर आणि बोटांच्या पेरांवर दिसते, म्हणजे नेमकी जेथे या रचनेची मदार आहे तेथे.

दुसरी उणीव मला अधिक खुपते. काट्यावर देशाचे नाव, मूल्य, लॅटिन ब्रीदवाक्य आणि तिचे इंग्रजी नाव आहे. चिनी नाव कोठेही नाही. चाहत्यांना दिलेल्या छायाचित्रांवर ती इंग्रजी सहीबरोबर चिनी अक्षरांतही नाव लिहीत असे, आणि ती अक्षरे कोणा कलादिग्दर्शकाने चिकटवलेली नव्हती, तिची स्वतःची होती. ड्रॅगन आणि पंखे वगळणे जितके योग्य, तितकेच ही तीन अक्षरे वगळणे अयोग्य झाले. लॅटिनला जागा मिळू शकते तर चिनीलाही मिळायला हरकत नव्हती.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. केवळ आठवण म्हणून एक नाणे हवे असेल तर पैसे खर्च करू नयेत. ही नाणी कोट्यवधींनी पाडली गेली आहेत आणि अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकाला सांगून ठेवले तर सुट्या पैशांत त्याला ते आज ना उद्या मिळेलच. छाप्यावर ‘पी’ असेल तर ते फिलाडेल्फियाचे आणि ‘डी’ असेल तर डेन्व्हरचे. चेहरा आणि दिवे स्वच्छ दिसणारे हवे असेल तर न वापरलेल्या गुंडाळीतले एखादे नाणे विक्रेत्याकडून सुटे घेणे सर्वांत शहाणपणाचे, कारण चाळीस सारख्याच नाण्यांचे घरी करायचे काय हा प्रश्न गुंडाळी उघडल्यावरच पडतो. शंभरांची पिशवी तर सरळ विसरावी. पिशवीत नाणी एकमेकांवर आपटून नवेपणीच ओरखडे घेऊन येतात.

या रचनेला खरा न्याय मिळतो तो सॅन फ्रान्सिस्कोत पाडलेल्या प्रूफ नाण्यात. तेथे चेहरा दुधी आणि पार्श्वभूमी आरशासारखी ठेवल्यामुळे हाताची कड स्पष्ट सुटून दिसते आणि दिवे पुन्हा दिव्यांसारखे वाटू लागतात. जास्तीचे पैसे मोजायचेच असतील तर येथे मोजावेत. प्रूफ दोन धातूंत मिळते, एक नेहमीच्या मिश्रधातूत आणि एक ९९.९ टक्के चांदीत. दोन्हींवर ‘एस’ हेच अक्षर असते आणि डब्याबाहेर सुटे विकले जाणारे नाणे कोणत्या धातूचे आहे हे समोरून पाहून ओळखू येत नाही, त्यामुळे चांदीच्या दरात साधे नाणे गळ्यात पडण्याचा धोका असतो. अशा वेळी नाणे उभे धरून कडेकडे पाहावे. तांब्याची लालसर रेघ दिसली तर ते चांदीचे नाही. आणि रेघ नसेल तर तराजूवर ठेवून वजन सुमारे ६.३४ ग्रॅम भरते का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.